अवयव प्रत्यारोपणोत्तर आक्रमक बुरशीसंसर्ग आणि रक्तातील जैवनिर्देशक : निदानातील उपयुक्तता व मर्यादा (यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

अवयव प्रत्यारोपणानंतर रुग्णाला आयुष्यभर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात. त्यामुळे एरवी निरुपद्रवी असणाऱ्या बुरशी शरीरात खोलवर शिरतात आणि प्राणघातक ठरतात. या संसर्गाचे निदान वेळेत व्हावे यासाठी रक्तातील जैवनिर्देशकांच्या चाचण्या विकसित झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात गॅलॅक्टोमॅनन, बीटा-डी-ग्लुकॅन, क्रिप्टोकॉकल अँटिजेन व पी.सी.आर. या चाचण्यांचे तत्त्व, उपयोग आणि मर्यादा स्पष्ट केल्या असून, यवतमाळसारख्या जिल्ह्यातील रुग्णाच्या दृष्टीने त्यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : अवयव प्रत्यारोपण, बुरशीसंसर्ग, जैवनिर्देशक, संवेदनशीलता, विशिष्टता, म्युकरमायकोसिस.

प्रस्तावना

भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाला. तो रुग्ण फार दिवस जगू शकला नाही. १९७१ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पुढे सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांसारखी औषधे उपलब्ध झाल्यावर परका अवयव शरीराने नाकारण्याचे प्रमाण घटले. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने या उपचाराला विधिवत चौकट लाभली. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे कार्यरत असून विदर्भातील अवयवदानाचे समन्वयन नागपूर केंद्राकडून होते.

यवतमाळ जिल्ह्यातील रुग्ण प्रत्यारोपणासाठी मुख्यतः नागपूर किंवा वर्धा जिल्ह्यातील सावंगी (मेघे) येथे, प्रसंगी हैदराबाद, पुणे वा मुंबई येथे जातो. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. परंतु रुग्णाचे पुढील आयुष्य वणी, पुसद, उमरखेड, घाटंजी किंवा पांढरकवडा परिसरातील आपल्या गावीच जाते. नव्या मूत्रपिंडासह तो शेतात जातो, गोठ्यात वावरतो, कापूस व सोयाबीनच्या राशीजवळ बसतो. त्याला दोन-तीन महिन्यांनी ताप आला, तर पहिली तपासणी गावच्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांकडेच होते. हा ताप साधा आहे की बुरशीचा, याचा निर्णय किती लवकर होतो यावर नवा अवयव आणि अनेकदा रुग्णाचा जीवही अवलंबून असतो. म्हणूनच हा विषय केवळ महानगरातील तज्ज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

आक्रमक बुरशीसंसर्ग : स्वरूप व कालक्रम

त्वचेवरील गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा वरवरचा संसर्ग होय. जेव्हा बुरशी रक्तात, फुप्फुसात, मेंदूत वा अन्य अंतर्गत अवयवांत शिरून ऊतींचा नाश करते, तेव्हा त्यास आक्रमक बुरशीसंसर्ग असे म्हणतात. हवेत बुरशीचे बीजाणू सदैव असतात आणि आपण ते दररोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी व्यक्तीच्या पांढऱ्या पेशी त्यांचा तेथेच नायनाट करतात. प्रत्यारोपित रुग्णाच्या बाबतीत हे संरक्षण औषधांनी जाणीवपूर्वक दुबळे केलेले असते.

अमेरिकेतील १५ केंद्रांत २००१ ते २००६ या काळात झालेल्या 'ट्रान्सनेट' या पाहणीत सुमारे १७ हजार रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. तीत पहिल्या वर्षातील बुरशीसंसर्गाचे प्रमाण मूत्रपिंडाच्या रुग्णांत १.३ टक्के, हृदयाच्या ४ टक्के, यकृताच्या ४.७ टक्के, फुप्फुसाच्या ८.६ टक्के आणि लहान आतड्याच्या रुग्णांत ११.६ टक्के आढळले. एकूण संसर्गांपैकी निम्म्याहून अधिक कँडिडा या बुरशीचे होते. त्याखालोखाल अ‍ॅस्परजिलस (१९ टक्के) व क्रिप्टोकॉकस (८ टक्के) यांचा क्रम होता. म्युकर गटाचा वाटा तेथे अवघा २ टक्के होता.

या संसर्गांना साधारण कालक्रम असतो. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेची जखम, शिरेतील नळी व मूत्रनलिका यांमार्फत कँडिडा प्रवेश करते. पहिल्या ते सहाव्या महिन्यात, औषधांची मात्रा सर्वाधिक असताना, अ‍ॅस्परजिलस व न्युमोसिस्टिस यांचा धोका असतो. क्रिप्टोकॉकस बहुधा सहा महिन्यांनंतर दिसतो. हा क्रम काटेकोर नसला तरी, कोणत्या वेळी कोणत्या बुरशीचा संशय घ्यावा याचे दिग्दर्शन त्यातून होते.

निदानातील अडचणी

बुरशीसंसर्गाचे पक्के निदान करण्यासाठी बाधित ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे व त्यातून बुरशी वाढवून दाखविणे हा खात्रीचा मार्ग होय. परंतु फुप्फुसातील बायोप्सी ही अशक्त रुग्णाला सोसवेलच असे नाही. रक्तातून कँडिडा वाढविण्याची कल्चर चाचणी सुमारे निम्म्या रुग्णांतच होकारार्थी येते आणि तिला काही दिवस लागतात. अ‍ॅस्परजिलस तर रक्तातून जवळजवळ कधीच वाढत नाही. ताप, खोकला, धाप ही लक्षणे जिवाणू, विषाणू व क्षयरोगातही असतात. शिवाय प्रतिकारशक्ती दडपलेली असल्याने कित्येकदा तापही येत नाही. विदर्भात क्षयरोगाचा विचार प्रथम होणे स्वाभाविक आहे; परंतु क्षयाच्या औषधांवर दोन-तीन आठवडे गेले, तर बुरशीला तेवढा अवधी मिळतो.

जैवनिर्देशक म्हणजे काय ?

शरीरातील एखाद्या घडामोडीची खूण म्हणून ज्या पदार्थाचे मोजमाप करता येते त्यास जैवनिर्देशक म्हणतात. रक्तातील साखर ही मधुमेहाची, तर क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाच्या कार्याची परिचित निर्देशके होत. बुरशीच्या बाबतीत तिच्या पेशीभित्तिकेतून रक्तात झिरपणारे शर्करायुक्त घटक, तिच्या आवरणातील अँटिजेन किंवा तिचे डी.एन.ए. यांचा शोध घेतला जातो. मानवी पेशीला भित्तिका नसते. त्यामुळे पेशीभित्तिकेचा घटक रक्तात आढळणे ही परकीय सूक्ष्मजीवाची खूण मानता येते.

कोणतीही चाचणी दोन कसोट्यांवर पारखली जाते. शंभर बाधित रुग्णांपैकी किती जणांना चाचणी बरोबर ओळखते, ती तिची संवेदनशीलता. आणि शंभर अबाधित व्यक्तींपैकी किती जणांना ती बरोबर 'नाही' म्हणते, ती विशिष्टता. पुढील विवेचनात या दोन संज्ञा वारंवार येतील.

प्रमुख जैवनिर्देशक

१) गॅलॅक्टोमॅनन : हा अ‍ॅस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतील शर्करायुक्त घटक असून एलायझा पद्धतीने तो रक्तद्रवात मोजतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या चाचणीस २००३ मध्ये मान्यता दिली. रक्ताच्या कर्करोगात, जेथे पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात, तेथे ही चाचणी उपयुक्त ठरली. मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अवयव प्रत्यारोपित रुग्णांमधील तिची संवेदनशीलता केवळ २२ टक्के, तर विशिष्टता ८४ टक्के आढळली. याचे कारण असे की, या रुग्णांत न्यूट्रोफिल पेशी शाबूत असतात. त्या बुरशीला रक्तवाहिन्यांत पसरण्यापासून काही अंशी रोखतात व रक्तात आलेला अँटिजेनही दूर करतात. रोग फुप्फुसात वाढत असतो, पण त्याची खूण रक्तात पुरेशी उतरत नाही. म्हणूनच अशा रुग्णांत ब्रॉन्कोस्कोपीद्वारे फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवातील गॅलॅक्टोमॅनन अधिक विश्वसनीय मानले जाते. यकृत प्रत्यारोपणानंतरच्या सुरुवातीच्या काळात ही चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते. हिस्टोप्लाझ्मा या बुरशीच्या संसर्गातही ती होकारार्थी येते.

२) बीटा-डी-ग्लुकॅन : हा घटक कँडिडा, अ‍ॅस्परजिलस व न्युमोसिस्टिस यांसह अनेक बुरशींच्या भित्तिकेत असतो. चाचणीसाठी लागणारा द्रव 'हॉर्सशू क्रॅब' या सागरी जीवाच्या रक्तपेशींपासून तयार केला जातो, कारण त्या पेशी ग्लुकॅनच्या अत्यल्प अंशानेही साकळतात. २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या चाचणीत एका मिलिलिटरमध्ये ८० पिकोग्रॅम वा अधिक प्रमाण होकारार्थी समजतात. चाचणी नकारार्थी आल्यास न्युमोसिस्टिसची शक्यता बऱ्याच अंशी कमी होते, हा तिचा मोठा लाभ. परंतु ती बुरशीची जात सांगत नाही. शिवाय सेल्युलोज पडद्याचे डायलिसिस, इम्युनोग्लोब्युलिन व अल्ब्युमिनची इंजेक्शने आणि शस्त्रक्रियेत वापरलेली कापसाची गॉज यांमुळेही रक्तातील ग्लुकॅन वाढते. प्रत्यारोपणाच्या रुग्णाभोवती या साऱ्या गोष्टी असतातच. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत होकारार्थी निकाल जपून वाचावा लागतो.

३) क्रिप्टोकॉकल अँटिजेन : क्रिप्टोकॉकसच्या जाड आवरणातील हा शर्करायुक्त पदार्थ रक्तात व मेंदूजलात विपुल उतरतो. पूर्वी लॅटेक्स पद्धतीने होणारी ही चाचणी २०११ पासून साध्या पट्टीवर करता येऊ लागली. काही थेंब नमुना, सुमारे दहा मिनिटे आणि नजरेने वाचता येणारी रेघ एवढ्यावर निकाल मिळतो. संवेदनशीलता व विशिष्टता या दोन्ही बाबतींत ती या यादीत सर्वांत भरवशाची आहे. मोठे यंत्र लागत नसल्याने जिल्हा पातळीवर प्रथम उपलब्ध व्हावी अशीच ही चाचणी होय.

४) पी.सी.आर. : रक्तातील बुरशीच्या डी.एन.ए.ची प्रत वाढवून ती शोधणारी ही पद्धत कोविडच्या काळात सर्वपरिचित झाली. आक्रमक बुरशीसंसर्गाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्या २००२ व २००८ नंतर २०२० मध्ये सुधारण्यात आल्या. तेव्हा अ‍ॅस्परजिलसच्या पी.सी.आर.चा पुरावा म्हणून प्रथमच समावेश झाला. याच व्याख्यांत रोगनिदानाच्या 'सिद्ध', 'संभाव्य' व 'शक्य' अशा तीन पायऱ्या मानल्या आहेत. जैवनिर्देशक रुग्णाला 'शक्य'वरून 'संभाव्य'पर्यंत नेतात. बहुतांश प्रसंगी 'सिद्ध' ही पायरी ऊतीच्या तपासणीनेच गाठावी लागते.

एक उदाहरणादाखल गणित

चाचणीचा अहवाल हाती आल्यावर तो कसा वाचावा, हे एका काल्पनिक गणिताने स्पष्ट होईल. समजा, १००० प्रत्यारोपित रुग्णांची गॅलॅक्टोमॅनन चाचणी केली व त्यांपैकी ५० जणांना खरोखर अ‍ॅस्परजिलसचा संसर्ग आहे. संवेदनशीलता २२ टक्के धरल्यास त्यांतील ११ जण सापडतील, ३९ जण निसटतील. उरलेल्या ९५० निरोगी रुग्णांपैकी १६ टक्के, म्हणजे १५२ जणांचा अहवाल विनाकारण होकारार्थी येईल. एकूण १६३ होकारार्थी अहवालांत खरे रुग्ण अवघे ११, म्हणजे सुमारे ७ टक्के. उलट, नकारार्थी आलेल्या ८३७ जणांपैकी ७९८ जण खरोखर अबाधित असतील, म्हणजे सुमारे ९५.३ टक्के. पण चाचणी करण्यापूर्वीच ९५ टक्के रुग्ण अबाधित होते. म्हणजे नकारार्थी अहवालाने आपल्या ज्ञानात नाममात्रच भर घातली.

यावरून चाचणी निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये. ताप, सी.टी. स्कॅनमधील गाठी, नुकतीच वाढविलेली स्टिरॉइडची मात्रा अशा कारणांनी संशय बळकट असलेल्या रुग्णांची निवड केल्यास बाधितांचे प्रमाण मुळातच जास्त असते व होकारार्थी अहवालाचे वजन वाढते. सरसकट सर्वांची तपासणी आणि निवडक रुग्णांची तपासणी यांतील हा फरक चाचणी लिहून देणाऱ्याने व तिचा खर्च सोसणाऱ्याने, दोघांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

म्युकरमायकोसिस : भारतीय संदर्भातील मोठी पोकळी

वरील बहुतेक चाचण्या पाश्चात्त्य देशांतील रोगचित्र समोर ठेवून घडल्या. आपल्याकडील चित्र निराळे आहे. भारतातील म्युकरमायकोसिसचे प्रमाण जागतिक सरासरीच्या अनेक पटींनी अधिक असल्याचे अभ्यासकांचे अनुमान आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील १२ केंद्रांच्या अभ्यासात ४६५ रुग्णांची नोंद असून त्यांपैकी ७३.५ टक्के रुग्णांना मधुमेह होता, ७.७ टक्के रुग्ण प्रत्यारोपित होते आणि ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ५२ टक्के होते. स्टिरॉइड व टॅक्रोलिमस यांमुळे प्रत्यारोपणानंतर मधुमेह नव्याने उद्भवतो. म्हणजे हे दोन्ही धोके एकाच रुग्णात एकत्र येतात.

२०२१ च्या दुसऱ्या कोविड लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द विदर्भात घरोघरी पोहोचला. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र शासनाने हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना केली. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनची टंचाई इतकी तीव्र झाली की शेजारच्या वर्धा येथील एका औषधनिर्मिती कंपनीने त्याच महिन्यात त्याचे उत्पादन सुरू केले.

येथेच निदानातील खरी पोकळी उघड होते. म्युकर गटाच्या बुरशीत गॅलॅक्टोमॅनन नसते आणि बीटा-डी-ग्लुकॅनही मोजण्याजोगे उतरत नाही. म्हणजे हे दोन्ही अहवाल नकारार्थी असताना रुग्णाच्या नाकपोकळीत किंवा फुप्फुसात म्युकर वाढत असू शकते. 'बुरशीची तपासणी केली, काही निघाले नाही' हे वाक्य अशा वेळी घातक ठरते. रक्तातील म्युकरचे डी.एन.ए. शोधणारी पी.सी.आर. ही आशादायक वाट आहे. फ्रान्समधील बहुकेंद्री अभ्यासात (२०२२) तिची संवेदनशीलता ८५.२ टक्के व विशिष्टता ८९.८ टक्के आढळली आणि अनेक रुग्णांत नेहमीच्या तपासणीच्या काही दिवस आधीच ती होकारार्थी आली. तोपर्यंत बाधित भागाचा नमुना घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा जुनाच, स्वस्त आणि काही तासांत निकाल देणारा मार्ग अग्रस्थानी राहतो. तो कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात अवलंबिता येतो.

अनावश्यक उपचाराची किंमत

'संशय असेल तर औषध देऊन टाकावे' हा युक्तिवाद सोपा वाटतो. परंतु प्रत्यारोपित रुग्णात तो महागात पडतो. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी मूत्रपिंडास अपाय करते. ज्या अवयवासाठी रुग्णाच्या आईने किंवा भावाने शस्त्रक्रिया सोसली, त्यालाच इजा होण्याची शक्यता असते. व्होरिकोनॅझोल हे औषध टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी एकदम वाढविते. टॅक्रोलिमसची मात्रा सुमारे एक तृतीयांशावर आणून पातळी वारंवार तपासावी लागते. तसे न केल्यास मूत्रपिंडावर विषारी परिणाम होतो. पुन्हा व्होरिकोनॅझोल म्युकरवर लागू पडत नाही. म्हणजे बुरशी कोणती, हे कळणे हा उपचाराचा पायाच होय.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात विचार

यवतमाळ ते नागपूर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. उमरखेड किंवा पुसद येथून ते आणखी वाढते. जिल्ह्याच्या ठिकाणी १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या परिस्थितीत पुढील बाबी महत्त्वाच्या वाटतात.

अ) कुजलेला पालापाचोळा, शेणखताचे उकिरडे, भिजलेला कडबा व कुटार यांत अ‍ॅस्परजिलस व म्युकर दोन्ही वाढतात. प्रत्यारोपित रुग्णाने, विशेषतः पहिल्या वर्षात, खताचे ढीग उकरणे, मळणीच्या धुळीत उभे राहणे, कापसाच्या गंजीवर झोपणे टाळावे. पारव्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस असतो. त्यामुळे माळा वा धाबे झाडण्याचे काम घरातील दुसऱ्याने करावे.

आ) पिकांवर फवारल्या जाणाऱ्या अ‍ॅझोल गटातील बुरशीनाशकांचे रासायनिक नाते मानवी औषधांशी आहे. या औषधांना दाद न देणारा अ‍ॅस्परजिलस भारतातील मातीत व रुग्णांतही आढळल्याचे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. गॅलॅक्टोमॅनन चाचणी बुरशी आहे एवढेच सांगते. ती औषधास दाद देईल की नाही, हे कल्चर किंवा जनुकीय चाचणीवरूनच समजते.

इ) रुग्णाला घरी पाठविताना प्रत्यारोपण केंद्राने मराठीत एक पानाचे पत्रक द्यावे. त्यात चालू औषधे, केंद्राचा संपर्क आणि धोक्याच्या खुणा असाव्यात : दोन दिवसांहून अधिक ताप, थुंकीतून रक्त, नाकातून काळपट स्राव, चेहऱ्याच्या एका बाजूस सूज वा बधिरता, सतत डोकेदुखी, एकाचे दोन दिसणे.

ई) तालुका पातळीवर प्रत्येक चाचणी असणे शक्य नाही व गरजेचेही नाही. क्रिप्टोकॉकल अँटिजेनची पट्टी व बुरशीची सूक्ष्मदर्शक तपासणी जिल्ह्यात, तर गॅलॅक्टोमॅनन, ग्लुकॅन व पी.सी.आर. विभागीय केंद्रात, अशी वाटणी व्यवहार्य ठरेल. मात्र नमुना पाठविणे आणि अहवाल परत येणे यांची कालमर्यादा निश्चित असावी. आठवड्यानंतर येणारा अहवाल कितीही अचूक असला तरी रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

उ) महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा अंतर्भाव आहे. त्याच धर्तीवर प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षातील बुरशीनिदानाच्या चाचण्यांना स्पष्ट आर्थिक तरतूद असणे हितावह होईल.

निष्कर्ष

१) रक्तातील जैवनिर्देशकांनी आक्रमक बुरशीसंसर्गाचे निदान शस्त्रक्रियेविना व लवकर करण्याची शक्यता निर्माण केली आहे, तथापि प्रत्येक निर्देशक ठराविक बुरशीपुरताच बोलतो.

२) रक्ताच्या कर्करोगातील अनुभव अवयव प्रत्यारोपणास जसाच्या तसा लावता येत नाही. रक्तातील गॅलॅक्टोमॅननची संवेदनशीलता येथे फारच कमी आहे.

३) भारतात ज्या म्युकरचे भय अधिक, तोच प्रचलित दोन्ही चाचण्यांतून निसटतो. म्हणून नकारार्थी अहवालावर विसंबून तपास थांबवू नये.

४) एकच चाचणी पुरेशी नाही, लक्षणे, सी.टी. स्कॅन, सूक्ष्मदर्शक तपासणी व जैवनिर्देशक यांचा एकत्रित विचार करूनच निर्णय घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ बुरशींची प्राधान्य यादी प्रथमच प्रसिद्ध केली. त्यात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, कँडिडा अल्बिकन्स व अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या चार बुरशी अतिगंभीर गटात, तर म्युकर गट त्याखालील उच्च गटात आहे. आपल्या भागातील रोगचित्र पाहता म्युकरच्या रक्तचाचणीवरील संशोधन हे भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील प्रयोगशाळांचे कर्तव्य ठरते. अवयवदान हे श्रेष्ठ दान मानले जाते. दात्याने दिलेला तो अवयव गावच्या मातीत, गावच्या हवेत सुरक्षित राहावा, यासाठी निदानाची सोयही त्या गावाच्या आवाक्यात येणे अगत्याचे आहे.